साडूची कॉफी आणि सानपाड्याचं ऊन

साडू हे नातं ज्याने शोधून काढलं, त्याला आयुष्यात एकदा गाठायची माझी इच्छा आहे. भावाशी भांडता येतं, मेहुण्याची टिंगल करता येते, सासऱ्यासमोर नुसतं हूं हूं करून वेळ मारून नेता येते. साडूबरोबर यातलं काहीच जमत नाही. त्याच्याशी फक्त तुलना होते, आणि ती करायला सगळी सासुरवाडी डोळ्यांत तेल घालून बसलेली असते.

माझा साडू शौनक हा अमरावतीचा. माझ्या बायकोच्या, म्हणजे जागृतीच्या धाकट्या बहिणीचा, रुतिकाचा नवरा. याला प्रश्न विचारला की हा आधी विचार करतो आणि मग उत्तर देतो. मी उत्तर आधी देतो आणि प्रश्न नंतर ऐकतो, त्यामुळे सासुरवाडीला त्याचं कौतुक जास्त, यात नवल नाही. तो आणि रुतिका ऐरोलीत चांगल्या पगारावर कॉम्प्युटरसमोर बसत होते. एके दिवशी उठले आणि चिखलदऱ्याला, त्याच्या घरच्या उताराच्या तुकड्यावर कॉफी लावायला गेले. खत नाही, फवारणी नाही, सगळं सेंद्रिय. माझे सासरे आप्पा तेव्हा दिघ्याच्या घरात भिंतीकडे तोंड करून बसले होते. आपली भातशेती शहराने घेतली आणि आपली मुलगी शहर सोडून शेतीला गेली, हे त्यांना काही केल्या पचेना. शेवटी रुतिकानेच त्यांना शब्द दिला की पहिलं पीक कोणी उचललं नाही, तर दोघं मुकाट्याने नोकरीला परत येतील.

ते पहिलं पीक यंदा आलं, आणि त्यात मी पडलो.

नेरूळला मनस्वी नावाच्या मुलीचं कॉफी भाजण्याचं छोटं दुकान आहे. तिने रुतिकाला सांगितलं होतं, नीट वाळवलेला नमुना आणा, चव पटली तर सगळं पीक मी घेते. म्हणजे सगळं त्या नमुन्यावर अडलेलं. आणि नमुन्यापुरती पहिली तोडणी झाली नेमक्या त्याच आठवड्यात चिखलदऱ्यावर धुकं उतरलं ते उठायचं नाव घेईना. कॉफीचं फळ लालबुंद असतं, करवंदापेक्षा जरासं मोठं, पोटात दोन बिया. यांची पद्धत अशी की फळ अख्खंच उन्हात सुकवायचं, साल काळी कडकडीत झाली की फोडून बी काढायची. ऊन नाही तर बुरशी. रुतिका फोनवर बहिणीजवळ रडत होती. फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारी पंख्याचं रेग्युलेटर उघडून बसलो होतो. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. ती हातालाही आहे. सुट्टीच्या दिवशी घरातली एखादी वस्तू उघडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"एक पोतं इकडे पाठव," मी म्हणालो. "सानपाड्याच्या गच्चीवर पापड टाकला तर उलटायच्या आत भाजून निघतो. तुझा नमुना मी वाळवून देतो."

पलीकडे शौनकने विचार केला. तो विचार मला इथपर्यंत ऐकू आला. मग तो म्हणाला, "भाऊ, याले रोज हलवा लागते. अन् कॉफी वास लय लवकर ओढून घेते, तेवढं जपा."

मी विम्याच्या ऑफिसात काम करतो. लोकांचे खोटे दावे नुसत्या वासावरून ओळखतो. मला वासाचं शिकवणारा हा कोण, असं मनात म्हणून मी फोनवर मात्र 'काळजीच करू नको' असं म्हणालो. जागृतीने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ती बोलत नाही, पाहते.

पोतं अमरावतीहून मालट्रकने निघालं आणि कळंबोलीला उतरलं. कळंबोलीत लोखंड उतरतं. सळया, पत्रे, चॅनेल यांच्या ढिगात माझं पोतं एखाद्या शाकाहारी पाहुण्यासारखं अंग चोरून बसलं होतं आणि त्यातून लाल पाणी गळत होतं. गोदामाच्या मुनशीने आधी पावती पाहिली, मग पोतं, मग मला. पावतीवर 'कॉफी' लिहिलेलं. त्याचं म्हणणं, कॉफी ही पावडर असते, पुडीत असते, आणि ती गळत नाही. हे तर फळ दिसतंय, आणि फळ असेल तर नाशवंत मालाचा कागद वेगळा. मी त्याला कॉफीची जन्मकथा फुलापासून कपापर्यंत समजावून सांगितली. त्याने ती सगळी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला की मग कॉफी झाल्यावर या आणि घेऊन जा.

तर्कशास्त्रात इतका पक्का माणूस लोखंडाच्या बाजारात काय करत होता, कोण जाणे. आमची गाडी बराच वेळ तिथेच अडली. मी वरच्या साहेबाचं नाव विचारलं, तर तो साहेब पुण्याला. शेवटी बाजूला उभ्या असलेल्या एका ट्रकवाल्याने पोत्याच्या भोकातून एक फळ काढून तोंडात टाकलं, बी थुंकली आणि 'बेर है' असा निकाल दिला. मुनशीला तो पटला. तेव्हा चिखलदऱ्याची सेंद्रिय कॉफी सानपाड्यात बोरं म्हणून दाखल झाली, हे मी शौनकला आजतागायत कळवलेलं नाही.

आता गच्ची. तुम्हाला वाटेल, गच्ची ती गच्ची, त्यात काय. तुम्ही बहुतेक स्वतंत्र बंगल्यात राहता. सोसायटीत गच्चीवर ऊनसुद्धा ठरावाने पडतं. आमचे चेअरमन विश्वजितराव, साताऱ्याकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणाचे दरवाजे उघडायची सवय असलेल्या माणसाच्या हाती सोसायटीचा एक पंप राहिला की तो काय करेल? तो सभा घेतो. गच्चीवरच भरलेल्या सभेपुढे प्रश्न असा होता की कॉफी हे घरगुती वाळवण की धंदा? सेक्रेटरी प्रितेश म्हणाला की पापड लोक घरात खातात, कॉफी तुम्ही विकणार, म्हणजे कमर्शियल झालं. मी म्हटलं, मी नाही, साडू विकणार. तर म्हणाला, मग तर बाहेरच्या पार्टीचा माल.

एवढ्यात पुतळाबाई उठल्या. या आमच्या इमारतीतल्या सगळ्यात जुन्या. मूळच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. दोन फ्लॅट स्वतःच्या नावावर, मुलगा बंदरात चांगल्या नोकरीला. तरीही दर हंगामात गच्चीवर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळवतात आणि रविवारी तुर्भ्याच्या बाजारात स्वतः बसून विकतात. माझ्या आईची, यशोदाबाईची, आणि त्यांची मैत्री अशी की दिवसातून एकदा भांडल्याशिवाय दोघींना घास उतरत नाही. सुक्या जवळ्याचा वास विश्वजितरावांना सहन होत नसे. माळकरी माणूस, त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी त्याबद्दल दोन नोटिसा लावल्या होत्या. पुतळाबाईंनी त्या काढून त्यावर जवळाच वाळवला होता.

पुतळाबाई म्हणाल्या, पोराचा माल कुजतोय आणि तुम्ही काय ठराव करता, माझ्यातली अर्धी जागा देते. चेअरमन लगेच मऊ झाले. त्यांच्या सौभाग्यवतींच्या कुरडया आणि पुतळाबाईंचा जवळा यांच्या मधोमध माझी कॉफी आली, तर वास माझ्यापाशी अडेल, असा त्यांचा हिशेब. धरणवाल्या माणसाला मधे बांध घालण्याशिवाय दुसरं सुचत नाही. पण मला शौनकचं वाक्य आठवलं. मी म्हणालो, जवळ्याशेजारी नको. कॉफीला वास लागतो. मला सगळ्यात लांबची जागा द्या.

सगळ्यात लांबची जागा पाण्याच्या टाकीखाली होती. ती मी मोठ्या विजयाने घेतली. पुतळाबाई पदर खोचून खाली गेल्या. त्यांना वाईट वाटलं असावं असं मला जिन्यात वाटलं, आणि घरी पोचेपर्यंत मी ते विसरलो.

पुढचे तीन-चार आठवडे कसे गेले ते माझं मला माहीत. फळं पसरली, आणि माझी झोप उडाली. मी दर अर्ध्या तासाने वर जायचो. ऑफिसात असलो की खिडकीतून बेलापूरच्या आकाशाकडे बघत बसायचो. एकदा एका ढगासाठी मी अर्धी रजा टाकली आणि घरी पोचेपर्यंत तो पनवेलकडे निघून गेला होता. साहेबांनी रजेचं कारण विचारलं तेव्हा 'घरगुती' असं सांगितलं. ढग हा घरगुती विषय होऊ शकतो हे त्यांना पटलं नसावं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या संध्यावहिनी म्हणाल्या, मिठाचं पाणी शिंपडा, आवळ्याला आम्ही तेच करतो. प्रितेशने ब्राझीलचे व्हिडिओ पाठवले, त्यात एवढाली मैदानं आणि त्यावर ट्रॅक्टर. आईने मात्र कोणाचंच ऐकलं नाही. ती चपला काढून सरळ फळांत उतरली आणि भात वाळवताना करतात तसं पायाने रेघा ओढत चालायला लागली. आमची शेती गेली त्याला किती वर्षं झाली. तिच्या पावलांना ते अजून येत होतं. मी दारात उभा राहून बघत राहिलो आणि मला उगीचच भरून आलं. मग ती म्हणाली की नुसता उभा काय ऱ्हातंस, पानी आन, आणि मी पाणी आणायला गेलो.

आमच्या इमारतीत गच्चीची एक रीत आहे. ती कोणत्याही नियमात लिहिलेली नाही, म्हणूनच पाळली जाते. जो वर जाईल त्याने सगळ्यांचं वाळवण हलवून यायचं. उन्हं उतरली की जो आधी पोचेल त्याने सगळ्यांचं आवरायचं. त्यामुळे माझ्या कॉफीला सगळ्यांचा हात लागला. कपडे वाळत घालायला गेलेली माणसं दोन मिनिटं कॉफी हलवून यायची आणि खाली येऊन मला हवाल सांगायची. आज जरा काळी पडलीय, आज वाजायला लागलीय. प्रकरण एकट्या साडूचं राहिलं नव्हतं, इमारतीचं झालं होतं.

मध्यंतरी फळं आंबायला लागली. हे व्हायचंच असतं, गर सुकता सुकता आंबतो. पण त्याचा जो काही गोडसर, चढलेला वास सुटला, तो लिफ्टच्या वाटेने तळमजल्यापर्यंत उतरला. विश्वजितराव माझ्या दारात आले, बसले नाहीत, आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "दिपेशराव, एक इचारू का? वर तुमी दारू तर लावली न्हाई ना?"

माझ्या सात पिढ्यांत असा अपमान झाला नव्हता. निदान शेवटच्या दोन पिढ्यांत तरी नाही, त्याआधीची खात्री देता येत नाही. मी त्यांना हात धरून वर नेलं आणि एक फळ स्वतःच्या तोंडात टाकून दाखवलं. त्यांनीही एक चघळलं. मग दुसरं घेतलं. तिसऱ्यानंतर म्हणाले की मनुकांच्या जातीचं दिसतंय, असू द्या.

आणि मग टाकीचा दिवस उजाडला. पंप कोणीतरी चालू ठेवून विसरलं. कोणी, ते चेअरमनसाहेबांनी आजवर शोधलेलं नाही, आणि पंपाची चावी त्यांच्याचकडे असते. टाकी भरून वाहायला लागली आणि पाणी सगळ्यात आधी कुठे पडलं असेल? मी ऑफिसात होतो. जागृतीचा फोन आला तेव्हा मी लिफ्टची वाट न बघता जिने उतरलो. रिक्षात बसल्यावर रुतिकाचा चेहरा दिसायला लागला. ती पुन्हा ऐरोलीत कॉम्प्युटरसमोर बसलीय आणि तिकडे त्या उतारावर कोणीतरी रिसॉर्ट बांधतंय, असं डोळ्यांसमोर येत राहिलं. खोटं कशाला सांगू, मी रिक्षात रडलो. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि आपण होऊन वेग वाढवला.

वर पोचलो तर कॉफी नव्हती. गच्चीवर घोटाभर पाणी, आणि लिफ्टच्या मशीनच्या खोलीच्या पायरीवर पुतळाबाई बसलेल्या, नखशिखांत भिजलेल्या. गच्चीवर त्या वेळी त्या एकट्याच होत्या. टाकीतून धार लागताक्षणी त्यांनी आधी माझी फळं ओंजळींनी, पदराने भरभरून आपल्या कोरड्या ताडपत्रीत ओढली, ती गुंडाळून त्या खोलीत नेली, आणि मग स्वतःचा जवळा आवरला. तोवर त्याची अर्धी पाटी भिजून गेली होती. मी तिथेच त्यांच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "उठ रं. तुजा माल व्हता म्हनून न्हाय, कुनाचाबी असता तरी उचलला असता." गच्ची सुकेपर्यंत दोन दिवस सगळं त्या खोलीतच राहिलं.

मी खोलीत डोकावून पाहिलं तेव्हा फळं कोरडी होती. एवढंच पाहिलं. ती कशात गुंडाळली आहेत आणि कशाला टेकून आहेत, हे पाहायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

शेवटी फळं वाळली. हातात घेऊन हलवली की आत बी खुळखुळायची. साली फोडायला पार्किंगमध्ये बैठक बसली. आईचा खलबत्ता, संध्यावहिनींचं सूप, चेअरमनसाहेबांची देखरेख. संध्याकाळपर्यंत हिरवट करड्या बियांची एक पिशवी तयार झाली. रुतिकाचा फोन आला की भाऊजी, उद्या सकाळी ती मनस्वीकडे पोचवा, परवा ती सगळ्यांसमोर चव घेणार आहे, आम्ही दोघं येतोय, आप्पाही येतायत. मी पिशवी नेऊन दिली आणि माझ्याजवळ मूठभर बी मागे ठेवली. का, तर मला चव बघायची होती. कॉफीत संत्रं लागतं, गूळ लागतो, तुती लागते, असं शौनक म्हणायचा. महिनाभर मी जिभेची तालीम करत होतो. डोळे मिटून जागृती भरवेल ते ओळखायचं. मी चिक्कीला खजूर म्हणालो होतो, पण ते सुरुवातीला.

लोखंडी कढई तापवली, बी टाकली, हलवत राहिलो. धूर झाला, बी तडतडली, तपकिरी झाली. दळून, गाळून पहिला घोट घेतला. संत्रं नव्हतं. गूळ नव्हता. काहीतरी फार ओळखीचं होतं. जागृतीने घोट घेतला आणि पाहिलं. आई कप तोंडाला लावून म्हणाली, "कांदा नाय घातलास?"

कढईचा दोष, मी ठरवलं. आमच्या कढईत जवळा शिजतो. मग मी इमारतीत कढई मागत फिरलो. संध्यावहिनींच्या कढईत जवळा शिजतो. प्रितेशच्या कढईत तर आदल्याच दिवशी शिजला होता. जवळा न शिजलेली कढई साऱ्या इमारतीत एकच, विश्वजितरावांची. ती आणली. राखेने घासली. उरलेली बी भाजली. घोट घेतला.

तोच जवळा.

मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांसमोर ती ताडपत्री आली. निळी, कोरडी, किती हंगाम जवळा वाळवून मुरलेली. आणि तिच्यात दोन दिवस, दार बंद करून, माझ्या साडूची वास ओढून घेणारी कॉफी. पुतळाबाईंनी वाचवली नसती तर ती पाण्यात गेली असती. वाचवली तर ही अशी. पिशवी नेरूळला पोचलेली होती, मागे घ्यायला वेळ नव्हता. मी कोणालाच काही बोललो नाही. जागृतीला कळलं होतंच.

दुसऱ्या दिवशी नेरूळच्या त्या दुकानात मी आत शिरलो तेव्हा माझ्यामागे अख्खी इमारत होती. वाळवण सगळ्यांनी हलवलेलं, तेव्हा निकाल सगळ्यांसमोर लागायला हवा, असा विश्वजितरावांचा आग्रह. आई नऊवारीत, संध्यावहिनी मोत्यांच्या कुड्या घालून, प्रितेश फोन वर धरून. पुतळाबाई अबोलीचा गजरा माळून सगळ्यात पुढच्या खुर्चीवर. भिंतीशी आप्पा, शौनक आणि रुतिका. रुतिकाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, सोडवत होती, पुन्हा गुंडाळत होती.

मनस्वी तिशीतली, केस वर बांधलेली, कमी बोलणारी. तिने ओळीने मांडलेल्या वाट्यांतून चमच्याने कॉफी उचलली आणि सुर्रकन ओढली. आमच्याकडे असं ओढलं की आई पाठीत धपाटा घालते. तिने दुसरी वाटी घेतली. पुन्हा पहिली. मग चमचा खाली ठेवला.

"बी फार चांगली आहे," ती म्हणाली. "फळ पूर्ण पिकल्यावर तोडलंय, ते कळतंय. पण तिच्यात दुसरा कसलातरी वास शिरलाय. तो शेतावरचा असेल तर मला हे पीक घेता येणार नाही. वाळवताना लागला असेल तर गोष्ट वेगळी." तिने आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली. "ही वाळवली कुणी?"

पुतळाबाईंचा हात गजऱ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. आणि माझ्या शेजारी विश्वजितरावांनी घसा खाकरला. ते खाकरणं माझ्या ओळखीचं आहे. त्यानंतर नोटीस येते. जवळ्यावरची तिसरी नोटीस, तीही नेरूळमध्ये, सगळ्यांदेखत, पुराव्यासह. आणि ज्या बाईने आपला माल भिजू देऊन माझा वाचवला, ती पुढच्या खुर्चीवर गजरा माळून बसलेली.

"मी वाळवली," मी म्हणालो.

मग बोलत सुटलो. म्हणालो, गच्चीवर टाकी वाहिली म्हणून मी ती घरात आणली, स्वयंपाकघरात, मासळीच्या डब्यांपाशी ठेवली, माझी अक्कल. साडूंनी फोनवर बजावलं होतं की वास लागतो, मी ऐकलं नाही. मला वाटलं मला सगळं कळतं. शेतावरचं यात काही नाही, झाडांचा दोष नाही, जे काही आहे ते माझ्या घरातलं आहे. शेवटी तर मी हातसुद्धा जोडले.

हे खोटं होतं, पण त्यातलं 'मला वाटलं मला सगळं कळतं' हे इतकं खरं होतं की कोणालाच शंका आली नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. जे मान हलवणं मी आजवर टाळत आलो होतो, ते हेच.

मनस्वीला हसू आलं असावं, तिने ते आवरलं. शौनकला म्हणाली की पीक मी घेते, सगळं. वाळवायचं मात्र तिकडेच, जमिनीपासून उंच जाळीवर, धुकं आलं तर थांबू, मी स्वतः येऊन बघेन. "आणि यांना," असं म्हणून तिने माझ्याकडे बोट न दाखवता मान वळवली, "कृपया हात लावू देऊ नका." रुतिकाने ओढणी सोडली आणि ढसाढसा रडली. आप्पा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. साडू माझ्याजवळ आला, थांबला, विचार केला, आणि नुसता माझा दंड दाबून गेला. त्याने काय विचार केला असेल, या चिंतेत मी अजून आहे.

परतताना मंडळी वाटली गेली. माझ्या वाट्याच्या रिक्षात पुतळाबाई आल्या. जुईनगरच्या पुढे आल्यावर म्हणाल्या, "वास माज्या ताडपत्रीचा व्हता."

मी म्हणालो, छे, कढईचा.

"ती पोरगी तुज्या कढईत भाजते काय?"

रिक्षा सिग्नलला थांबली होती. पुतळाबाईंनी गजरा सारखा केला आणि सांगायला लागल्या. खोलीत दोन दिवस राहिलेला त्यांचा उरलेला जवळा त्यांनी गेल्या रविवारी तुर्भ्याला नेला होता. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी नेला आणि तासाभरात परत आणला. बायका म्हणाल्या, मावशे, याला दारूचा वास येतो. चाळीस वर्षांत पुतळाबाईंचा जवळा कधी परत आला नव्हता. त्यांनी सगळ्यांना सांगितलं की माझंच चुकलं, म्हातारपण आलं, वाळवायला चुकले.

"मग त्या जवळ्याचं केलंत काय?"

"यशोदेला दिला. आठवडाभर तूच खातंस."

मी महिनाभर तयार केलेली जीभ तोंडात गप्प बसली. आठवडाभर मी तो जवळा दोनदोनदा मागून घेतला होता, आणि हात चांगला बसलाय असं आईला सांगितलं होतं. पण मला त्याची लाज तेवढी वाटली नाही, जेवढी त्या परत आलेल्या पाटीची वाटली.

"मावशी, तेव्हाच मला का नाही सांगितलंत?"

सिग्नल सुटला. पुतळाबाई माझ्याकडे वळल्या.

"तू आज सांगितलास?"